चार चाकं, एकच माप

पत्र:

काका, नमस्कार. मी पशुवैद्यक आहे. राहते कोल्हापुरात, पण निम्म्याहून जास्त काम गगनबावड्याकडच्या वाड्यावस्त्यांवर. दोन महिन्यांपूर्वी जुनी डस्टर घेतली, डिझेल, फोर बाय फोरवाली. गेल्या पावसाळ्यात माझी आधीची गाडी दोनदा चिखलात रुतली आणि एकदा अडलेल्या म्हशीपर्यंत मी वेळेत पोचू शकले नाही. ते मनातून जात नाही, म्हणून ही गाडी घेतली.

गाडी चांगली आहे, टायर मात्र गेलेत. पुढचे दोन गोटा झालेत. मागच्या दोघांत साडेतीन मिलिमीटर नक्षी उरलीय, पट्टीनं मोजली. चारही टायरवर २१५/६५ आर१६ ९८एच असं आहे. रोजचं फिरणं नव्वदेक किलोमीटर, त्यात कच्चा रस्ता आठ-दहा किलोमीटर.

माझ्याकडं २४,००० रुपये आहेत. पहिल्या दुकानात म्हणाले, पुढं दोनच घाला, पण परदेशी कंपनीचे, १०,८०० ला एक. दुसऱ्या दुकानात देशी कंपनीचे साधे एच/टी (हायवे टेरेन, म्हणजे डांबरी रस्त्याचे), ७,४०० ला एक, म्हणजे चारचे २९,६००. तिसरा म्हणाला, २०५/६५ घ्या, तेही सोळाच्याच रिमवर बसतात, ६,१०० ला एक. माझे दीर थार चालवतात. त्यांचं म्हणणं, फोर बाय फोरला एटीच (ऑल टेरेन, कच्च्या वाटांनाही चालणारे) पाहिजेत आणि पैसे कमी असतील तर रिमोल्डचे, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेले एटी घाल, ३,५०० ला एक. मिरग तोंडावर आलाय. काय करू?

उत्तर:

डॉक्टर, नमस्कार.

तुम्ही पट्टी घेऊन नक्षी मोजलीत हे वाचून बरं वाटलं. बहुतेक पत्रांत नुसतं ‘टायर खराब झालेत’ एवढंच असतं आणि मग मला अंदाजानं बोलावं लागतं. तुमच्या आकड्यांवरून मात्र नीट उत्तर देता येईल.

आधी उत्तरच सांगतो. दुसऱ्या दुकानातले चार देशी एच/टी घ्या. चारही एकाच कंपनीचे, एकाच नक्षीचे, एकाच मापाचे आणि एकाच दिवशी. ५,६०० रुपये कमी पडतायत, ते कसे भरून काढायचे ते पुढं सांगतो. बाकीचे तीन सल्ले तुमच्या गाडीला लागू पडत नाहीत. ते का, हे सविस्तर लिहितो, कारण दुकानात उभं राहिल्यावर समोरचा माणूस पुन्हा तेच सांगणार आणि तेव्हा तुमच्याजवळ कारण असलेलं बरं.

पहिल्या दुकानाचा सल्ला साध्या गाडीला चालून गेला असता. पुढची चाकं ओढतात, पुढचे टायर झिजतात, दोन बदलले की काम झालं. तुमच्या डस्टरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांचं नातं वेगळं आहे. गाडी एरवी पुढच्या चाकांवर चालते, पण इंजिनाकडून मागं जाणारा शाफ्ट मागच्या डिफरन्शियलपाशी (मागच्या दोन चाकांना ताकद वाटून देणारी गिअरपेटी) जिथं पोचतो तिथं विजेवर चालणारं एक क्लचचं कपलिंग आहे. फोर बाय फोरचा नॉब ‘ऑटो’वर असला की गाडीतला संगणक चारही चाकांचा वेग सतत बघत असतो. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त फिरायला लागली, म्हणजे चिखलात जागच्या जागी फिरायला लागली, की कपलिंग आवळलं जातं आणि मागच्या चाकांना ताकद मिळते. ‘लॉक’वर ते आवळलेलंच राहतं.

आता पुढं नवे आणि मागं झिजलेले टायर घातले तर काय होईल ते बघा. तुमच्या मापाच्या (रुंदी २१५ मिलिमीटर, बाजूची उंची तिच्या ६५ टक्के, रिम १६ इंची) नव्या टायरचा व्यास भरतो सुमारे ६८६ मिलिमीटर. नव्याची नक्षी आठेक मिलिमीटर धरू, मागच्यांची साडेतीन. म्हणजे मागच्या टायरचा व्यास नऊ मिलिमीटरनं कमी. एवढ्यानं काय होतंय, असं वाटेल. पण नवा टायर एका किलोमीटरला साधारण ४६४ फेरे घेतो आणि झिजलेला ४७०. किलोमीटरला सहा फेऱ्यांचा फरक. कोल्हापूर ते गगनबावडा पंचावन्न किलोमीटर धरले तर मागची चाकं पुढच्यांपेक्षा सुमारे ३४० फेरे जास्त फिरणार, तेही सरळ, कोरड्या डांबरी रस्त्यावर, कुठंही न घसरता. हा फरक कुठंतरी जिरायला हवा. तो कपलिंगमध्ये जिरतो. तिथं घासतं, तापतं, आणि खऱ्या चिखलात जेव्हा त्या कपलिंगची गरज लागते तेव्हा ते थकलेलं असतं. फोर बाय फोर गाड्यांच्या बऱ्याच कंपन्या चार टायरच्या नक्षीत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक ठेवू नका म्हणतात, ते याच कारणानं. तुमच्या गाडीत आजच पुढं-मागं दोनेक मिलिमीटरचा फरक आहे. पहिल्या दुकानाचं ऐकलं तर तो साडेचारवर जाईल.

आणि समजा गाडी साधी असती, तरी दोनच नवे टायर घ्यायचे तर ते पुढं घालू नयेत, मागं घालावेत. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जायला बघते, ॲक्सिलरेटर सोडला की बहुधा ताब्यात येते. मागची घसरली तर गाडी गिरकी घेते आणि घाटात गिरकी सावरायला जागाच नसते. ही गोष्ट टायरच्या दुकानांत अजून उलटी सांगितली जाते, याचं मला फार वाईट वाटतं.

फरकाच्या टायरांचा हिसका मी स्वतः खाल्लाय. वीसेक वर्षांपूर्वी माझ्याकडं जुनी फोर बाय फोर जीप होती, लिव्हर ओढून पुढची चाकं जोडायची तसली. पैसे वाचवायला मागं रिमोल्डचे दोन चढवले आणि पुढं जुनेच ठेवले. अणुस्कुरा घाटाच्या वरच्या अंगाला एका कच्च्या रस्त्यानं चिखलातून वर आलो, डांबरीला लागलो आणि लिव्हर काढायला गेलो, तर लिव्हर जागची हलेना. चिखलात चाकं थोडी घसरून तो फरक सोडून देतात. डांबरावर सोडत नाहीत, सगळा पीळ गिअरमध्ये बसतो. पावसात, धुक्यात, घाटाच्या तोंडाशी पंचवीस-तीस फूट गाडी मागं घेतली तेव्हा तो पीळ सुटला. त्या दिवशी समोरून किंवा मागून एखादा ट्रक आला असता तर काय झालं असतं, हा विचार आजही येतो. पुढच्या महिन्यात त्याच दोन रिमोल्डपैकी एकाचं रबर मलकापूरच्या अलीकडं सालीसारखं सोललं आणि मडगार्ड घेऊन गेलं.

त्यामुळं रिमोल्डबद्दल मी काय म्हणणार ते तुमच्या लक्षात आलं असेल. पण रिमोल्ड म्हणजे वाईटच, असं मी म्हणणार नाही. ट्रकला आणि बसला ते वर्षानुवर्षं चालत आलेत, आपल्या एसटीची स्वतःची टायरवर नवं रबर चढवण्याची केंद्रं आहेत. तिथं टायर कुणाचा, किती चालला, कितव्यांदा रबर चढतंय याची नोंद असते, आणि ट्रकच्या टायरचा सांगाडा मुळातच त्यासाठी बांधलेला असतो. तुम्हाला ३,५०० ला मिळणाऱ्या कारच्या रिमोल्डखालचा सांगाडा कुणाचा, किती जुना, आत कुठं मार बसलेला, हे सांगायला कुणी नाही. शिवाय चार सांगाडे चार गाड्यांचे असणार. वरची नक्षी एकसारखी दिसली तरी फेरा एकसारखा भरेल याची खात्री नाही. म्हणजे जे टाळायला आपण चार टायर घेतोय, तेच पुन्हा घरात येणार.

तिसऱ्या दुकानाचा सल्ला सगळ्यात फसवा आहे, कारण तो तुमच्या बजेटमध्ये जवळपास बसतो. चारचे २४,४००. २०५/६५ आर१६ हे माप बाजारात भरपूर मिळतं, क्रेटाच्या बऱ्याच गाड्यांना तेच येतं, म्हणून स्वस्त पडतं. तुमच्या रिमवर बसेलही. पण त्याचा व्यास तुमच्या मापापेक्षा तेरा मिलिमीटरनं कमी, म्हणजे गाडी साडेसहा मिलिमीटरनं खाली येणार आणि स्पीडोमीटर किलोमीटर थोडे जास्त दाखवणार. हे एक वेळ चालवून घेतलं असतं. चालवून घेता येत नाही तो वजनाचा आकडा. तुमच्या टायरवरचा ९८ म्हणजे तो टायर ७५० किलो पेलतो. २०५/६५ ला बहुधा ९५ येतो, म्हणजे ६९० किलो. चाकामागं साठ किलो कमी. तुमच्या गाडीच्या मागच्या भागात औषधांच्या पेट्या, रेतमात्रा गोठवून ठेवणारा द्रव नायट्रोजनचा कॅन, गमबूट, दोरखंड, कधी सोबत एखादा मदतनीस. खड्ड्यात चाक आपटतं तेव्हा एकाच टायरवर किती भार येतो ते वेगळं सांगायला नको. कंपनीनं दिलेल्या आकड्यापेक्षा वरचा आकडा घेतला तर हरकत नाही, खालचा कधीही घेऊ नये. वेगाच्या अक्षराचंही तेच. ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा टायर. तुम्ही त्या वेगानं जाणार नाही, पण ते अक्षर टायर उष्णता किती सोसतो हेही सांगतं, म्हणून तेही खाली आणू नका.

आता दिरांच्या एटीबद्दल. तुमच्या घरात यावरून वाद होऊ नये म्हणून सांगतो, थारसाठी आणि ज्यांचं फिरणं मसाई पठारासारख्या ठिकाणी किंवा जंगलवाटांवर असतं त्यांच्यासाठी त्यांचं म्हणणं रास्तच आहे. एटीच्या नक्षीत मोठे ठोकळे आणि रुंद खाचा असतात. चिखल खाचेत भरला तरी चाक फिरताना फेकला जातो. बाजूची भिंतही बहुधा जाड असते, जांभ्याच्या धारदार कडांना ती बरी टिकते. पण त्याची किंमतही मोजावी लागते. टायर जड, आवाज जास्त, डिझेल थोडं जास्त, आणि ओल्या डांबरावर ब्रेक लावल्यावर चांगला एच/टी बहुतेक वेळा लवकर थांबवतो, कारण डांबराला टेकलेलं रबर जास्त असतं आणि पाणी बाहेर काढायला बारीक कापे असतात.

तुमचे नव्वदपैकी ऐंशी किलोमीटर डांबरी आहेत, तेही पावसाच्या माहेरघरातले. साळवणच्या पुढं पाऊस सुरू झाला की वायपर पुरे पडत नाहीत हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. तुमचा जीव ज्यावर अवलंबून आहे ते ओल्या डांबरावरचं थांबणं, आणि त्यात एच/टी सरस. उरलेल्या आठ-दहा किलोमीटरसाठी तुमच्याकडं चारही चाकं ओढणारी गाडी आहे. नव्या, खोल नक्षीच्या एच/टीवर चार चाकांनी ओढणारी गाडी वाडीपर्यंत जाते. गेल्या वर्षी तुम्ही रुतलात तेव्हा ओढणारी चाकं दोनच होती. कच्चा रस्ता निम्म्यावर असता तर मीही एटीच म्हटलं असतं.

चिखलाआधी दोन गोष्टी करा. नॉब ‘लॉक’वर चिखलात शिरायच्या आधी टाका, रुतल्यावर नको. आणि फारच लोण्यासारखा चिखल असेल तर चारही टायरची हवा पाच-सहा पीएसआयनं उतरवा, टायर थोडा पसरतो आणि पकड वाढते. त्यासाठी गाडीच्या सॉकेटवर चालणारा छोटा पंप जवळ हवा, कारण डांबरी लागायच्या आत हवा परत भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर डांबरावर वेगात तापतो, कडेनं फाटतो. डांबरी आली की नॉबही ‘लॉक’वरून काढा.

आता पैशांचं. दुसऱ्या दुकानदाराला पहिला प्रश्न हा विचारा की ७,४०० हा दर कुठल्या जीएसटीनं काढलाय. कारच्या नव्या टायरवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आलाय. मूळ किंमत ६,००० असलेला टायर आधी ७,६८० ला पडायचा, आता ७,०८० ला पडतो. म्हणजे टायरमागं ६०० रुपये. दुकानदाराची भिंतीवरची जुनी यादी किंवा तोंडपाठ झालेला जुना दर अजून चालत असेल तर तिथंच २,४०० च्या आसपास सुटतील. पक्कं बिल मागा. बिलाशिवाय स्वस्तात देतो म्हणाला तर नको म्हणा, कारण उद्या टायरला फुगा आला तर हमी मागायला बिलच लागतं. काही कंपन्या ठरावीक टायरवर खड्ड्यानं साईड कट झाला तरी भरपाई देणारी हमी देतात, तिची नोंदणी घेतल्यावर लगेच करावी लागते. तुमच्या रस्त्यांना अशी हमी सोन्यासारखी आहे, दुकानातच नोंदणी करून घ्या.

दुसरी जागा आहे टायरच्या तारखेत. टायरच्या बाजूला डॉट या अक्षरांच्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. १८२५ म्हणजे २०२५ सालचा अठरावा आठवडा. लोक नुकत्याच बनलेल्या टायरचा आग्रह धरतात आणि दुकानदाराकडं वर्षभरापूर्वीचा माल पडून राहतो. ज्यांची गाडी वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर फिरते, त्यांनी ताजी तारीख मागणं बरोबर आहे, कारण त्यांचा टायर झिजण्याआधी म्हातारा होतो. तुमचं तसं नाही. दिवसाला नव्वद, महिन्याला पंचवीस दिवस धरले तर वर्षाला २७,००० किलोमीटर होतात. तुमचा टायर दीडेक वर्षात झिजून जाणार. वर्षभर सावलीत, नीट रचून ठेवलेला टायर तुम्हाला काहीही कमी देणार नाही. तेव्हा सरळ विचारा, ‘गेल्या वर्षीच्या तारखेचे चार असतील तर काय द्याल?’ तो खुशीनं दर कमी करेल. अट एकच, चौघांची तारीख एकमेकांच्या जवळपास हवी आणि दीड वर्षापेक्षा जुनी नको. उन्हात, दुकानाच्या दारात ठेवलेले टायर मात्र तारीख कालची असली तरी घेऊ नका.

कंपनीच्या नावाचा फार विचार करू नका. एमआरएफ, अपोलो, सीएट, जेके या देशी कंपन्यांचे एसयूव्हीचे एच/टी टायर आपल्या रस्त्यांवर रोज लाखो गाड्यांखाली पळतात. पहिल्या दुकानातला परदेशी टायर कदाचित थोडा शांत असेल, ओल्यात थोडा लवकर थांबेलही. पण असे दोन आणि झिजलेले दोन यापेक्षा साधे पण एकसारखे चार कधीही बरे. फक्त टायरवर आयएसआयची खूण आणि आयएस १५६३३ हा क्रमांक आहे का ते बघा, कारच्या टायरला तो लागतोच. कधी न ऐकलेल्या नावाचा, ही खूण नसलेला टायर कितीही स्वस्तात आला तरी हात लावू नका.

याशिवाय थोडंथोडं सुटतं. जुने चार टायर दुकानात द्यायचे असतील तर त्यांचे काहीतरी धरायला लावा. बसवणं, बॅलन्सिंग, नवे वॉल्व्ह आणि अलाइनमेंट दरातच धरा म्हणा, चार टायरच्या गिऱ्हाइकाला बहुतेक जण नाही म्हणत नाहीत. नायट्रोजनला नको म्हणा. तुमच्या कॅनमधल्या गोठीत रेतमात्रांना नायट्रोजन पाहिजेच, टायरला साधी हवा पुरते. हवेत मुळातच ७८ टक्के नायट्रोजन आहे, उरलेल्यासाठी पैसे देण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी सकाळी, टायर थंड असताना हवा तपासा. आणि फोन करताना उद्यमनगरातलं एक, हायवेच्या कडेचं एक, अशा तीन-चार दुकानांना एकच वाक्य सांगा: ‘२१५/६५ आर१६ ९८एच, एच/टी, चार नग, पक्क्या बिलासह, बसवून, अलाइनमेंटसह किती?’ अर्धवट विचारलं की प्रत्येक जण वेगळी गोष्ट सांगतो आणि तुलनाच होत नाही.

इतकं करून २४,००० मध्ये बसलं तर उत्तम. नाही बसलं आणि दोन-तीन हजार कमी पडले, तर उसने घ्या किंवा हप्त्यावर घ्या, असं मी मनापासून सांगेन. एरवी मी कर्ज काढून वस्तू घ्या असं कुणाला सांगत नाही. पण हिशेब बघा. २९,६०० चे चार टायर ४०,००० किलोमीटर चालले तर किलोमीटरला ७४ पैसे पडतात. २०५ चे चार घेऊन वाचणारे ५,२०० म्हणजे किलोमीटरला १३ पैसे. १३ पैशांसाठी करूळ घाटाच्या तोंडाशी, पावसात, कमी वजन पेलणाऱ्या टायरवर तुम्ही असू नये.

अगदीच शक्य नसेल तर एक मधला मार्ग आहे, पण तो सहा-आठ आठवड्यांपुरताच. दुसऱ्या दुकानातले दोन देशी टायर आत्ता घ्या आणि मागं घाला. मागचे साडेतीन मिलिमीटरवाले पुढं आणा, गोटा झालेले काढून टाका. पुढच्या दोघांची पाळी येईपर्यंत नॉब ‘टू डब्ल्यूडी’वरच ठेवा, म्हणजे कपलिंग मोकळं राहील आणि फरकाचा त्रास त्याला होणार नाही. मग त्याच कंपनीचे, त्याच नक्षीचे दोन घेऊन पुढं घाला आणि नॉब पुन्हा ‘ऑटो’वर आणा. यात अडचण अशी की तोवर चिखलात तुमच्याकडं दोनच चाकं असतील, आणि ज्यासाठी ही गाडी घेतली तेच जून-जुलैत मिळणार नाही. तसंच साडेतीन मिलिमीटर म्हणजे पावसासाठी काठावरची नक्षी. कायदा १.६ मिलिमीटरपर्यंत परवानगी देतो, पण तीनच्या खाली ओल्यातली पकड झपाट्यानं उतरते. आणि त्या जुन्या टायरांची तारीख बघा. चार आकड्यांतले शेवटचे दोन १९ किंवा त्याआधीचे निघाले आणि बाजूला भेगा दिसल्या, तर हा मधला मार्ग सोडून द्या.

दुकानात जायच्या आधी आणखी एक काम. पुढचे टायर गोटा झाले ते कसे, ते नीट बघा. आतल्या कडेनं जास्त झिजलेत का? मग अलाइनमेंट बिघडलंय किंवा खालच्या जोडांना खेळ आलाय. दोन्ही कडा गेल्यात आणि मध्ये नक्षी आहे? मागचा मालक कमी हवेवर चालवत होता. मध्ये गेली आणि कडा राहिल्या तर हवा जास्त होती. जागोजागी खळगे पडल्यासारखे असतील तर शॉकअप गेलेत. जुनी गाडी आहे, दोन महिन्यांपूर्वी घेतलेली, म्हणून हे विचारतोय. कारण न शोधता नवे टायर चढवले तर तेही सहा महिन्यांत तसेच होतील आणि तुमचे २४,००० वाया जातील. तुमच्या नेहमीच्या मेकॅनिकला गाडी उचलून जोड हलवून बघायला सांगा, अर्ध्या तासाचं काम आहे.

नवे टायर चढल्यावर काढलेल्या मागच्या दोघांतला ज्याला भेगा नाहीत असा एखादा असेल आणि तो तुमच्या स्टेपनीपेक्षा बरा असेल, तर तो स्टेपनीला ठेवा. पंक्चर होऊन स्टेपनी लावावी लागली तर नॉब ‘टू डब्ल्यूडी’वर टाका, हळू चला आणि पहिल्या पंक्चरवाल्याकडं थांबा. नव्या चौघांत स्टेपनीचा एक जुना फार वेळ ठेवला तर तोच फरक पुन्हा सुरू होतो. दर आठ हजार किलोमीटरला पुढचे मागं, मागचे पुढं करा. तुमच्या हिशेबानं साडेतीन महिन्यांनी पहिली पाळी येईल, दुसरी ऐन गळीत हंगामात, उसाच्या ट्रॉल्या रस्त्याला चिखल लावतात तेव्हा. ती पाळी चुकवू नका. चौघं बरोबरीनं झिजले तर पुढच्या वेळीही हा घोळ होणार नाही.

आणि हे सगळं मिरगाच्या आधी करा, पाऊस लागल्यावर नको. नव्या टायरवर साच्यातून काढतानाचा गुळगुळीत थर असतो, पहिले दोन-तीनशे किलोमीटर पकड पूर्ण येत नाही. ते किलोमीटर कोरड्या रस्त्यावर, जोराचा ब्रेक न मारता होऊ देत. तुमचे तीन-चार दिवसांचे फेरे झाले की ते पुरे होतील. साधारण शंभर किलोमीटरनंतर दुकानात परत जा, चाकांचे नट पुन्हा आवळून घ्या आणि हवा दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरच्या आकड्याशी जुळवून घ्या. पट्टी हाताशी आहेच, त्याच दिवशी चौघांची नक्षी मोजा आणि औषधांच्या नोंदवहीच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहून ठेवा.